मागे सरकवलेली घोडी

माणसाचे दोन खांदे सारखे नसतात. विश्वास नसेल तर आरशासमोर उभं राहून बघा. माझा धंदा अल्टरेशनचा, त्यामुळे मला हे कुणी सांगायची गरज नाही. लोक कोट घेऊन येतात आणि म्हणतात, "काकू, शिलाई चुकलीय बघा, एका बाजूला ओढतोय." शिलाईबिलाई काही चुकलेली नसते. चुकलेला असतो यांचा खांदा. पण तसं तोंडावर सांगितलं तर गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं राहत नाही. मग मी म्हणते, "हो का, बघते हं." खाली असलेल्या खांद्याच्या आत एक पातळ पॅड शिवते, दुसरीकडे थोडं दाबून घेते. असा कोट टेबलावर पसरला तर वाकडा दिसतो, अंगात घातला की सरळ. गिऱ्हाईक खूश, मी खूश, आणि पॅडबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

या गप्प बसण्याचा मला फार तोरा होता. हातात कला आणि तोंडाला कुलूप, अशी मी स्वतःची जाहिरात स्वतःशीच करत असे. आता त्याच कुलपापायी लेकीच्या नजरेला नजर देताना माझी चोरट्यासारखी अवस्था झाली आहे.

माझा नवरा इलेक्ट्रिक मँडोलिन वाजवतो. आमचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून अरेतुरे करते. त्याचं वाद्य म्हणजे गिटारचं शेंडेफळ वाटावं इतकं लहान, आठ तारांचं, दोन-दोन तारांच्या चार जोड्या. आतून पोकळ नाही, भरीव. वायर न जोडता वाजवलं तर शेजारच्या खोलीतही ऐकू जायचं नाही, आणि वायर जोडली की हॉल भरून टाकतं. अर्धं आयुष्य तो एकाच वाद्यवृंदात वाजवत आला आहे. समारंभ, संमेलनं, बक्षीस वाटप, जिथे बोलावतील तिथे. घरात तो कधी आवाज चढवत नाही, कारण मी चढवते. त्याचं जे काही बोलायचं असतं ते तो त्या आठ तारांवर बोलतो.

साखरेच्या आजारानं त्याच्या डाव्या हाताची बोटं टोकांशी बधिर झाली. आधी शर्टाची बटणं लागेनात, मग चहाचा गरम कप धरून बसला तरी चटका कळेना. आणि मग वाजवताना सूर चढायला लागले. त्याचं असं आहे, तार किती दाबली हे बोटाला कळलं नाही की माणूस उगाच जास्त दाबतो. जास्त दाबली की तार ताणली जाते आणि सूर केसभर वर जातो. केसभरच, पण ऐकणाऱ्याला तो घासात खडा यावा तसा लागतो. त्याला स्वतःला तो सगळ्यांच्या आधी कळायचा. कान अगदी ठणठणीत होता. तो वाजवता वाजवता थांबायचा, बोटांकडे बघायचा आणि वाद्य खाली ठेवायचा.

आम्ही आधी तारांवर प्रयोग केले. तो नेहमी जाड तारा लावायचा. त्या दमदार वाजतात, पण दाबायला जोर लागतो आणि त्याचा हात आखडायला लागला होता. मग एकदा मीच दुकानात गेले आणि झळझळीत पिवळ्या, सोन्याच्या वाटाव्यात अशा तारा घेऊन आले. बसवल्या तर वरच्या जोड्या ओरडतात आणि खालच्या जोड्या तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

"अगं, या कांस्याच्या आहेत," नवरा हसून म्हणाला, "साध्या मँडोलिनच्या. इथे तारांखाली लोहचुंबक आहे. त्याला पोलाद कळतं, निकल कळतं. कांस्य त्याच्या गावीही नाही."

"म्हणजे बायकोनं हौसेनं आणलेलं काही चालायचं नाही तर."

शेवटी निकलच्या पातळ तारा आल्या. हाताला आराम पडला, पण पातळ तार दाबली की आणखीच चढते. मग त्यानं मला घोडी दाखवली. वाद्याच्या बुडाशी जिच्यावरून तारा जातात ती घोडी. तिच्यावर प्रत्येक जोडीखाली पितळेची एक बारकी ठोकळी असते आणि स्क्रू फिरवला की ती पुढेमागे सरकते. ठोकळी मागे नेली की तार लांब होते आणि पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवर, दाबलेला सूर खाली उतरतो.

तो हे सांगत होता आणि मला समोर खांदा दिसत होता. याचं बोट सूर वर ढकलतंय, तर आपण घोडी मागे ओढून तो खाली घ्यायचा. आतून पॅड घालायचं, बस. मी उठले आणि शिवणयंत्राचा बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. स्वयंपाकघराचं दार लावलं, तो डोळे मिटून वाजवायला लागला आणि मी स्क्रू फिरवायला लागले. "जरा मागे. अजून. अं, फार झालं. हां, बस्स." चारही जोड्या होईस्तोवर भात करपला. पण वाद्य त्याच्या हातात सुरात आलं. दुसऱ्या कुणी ते घेतलं असतं तर पडद्यापडद्यावर उतरलेलं वाजलं असतं. टेबलावर वाकडं, अंगात सरळ.

"हे पोरीला सांगायचं नाही," तो म्हणाला.

आमची लेक वाद्यं लावते. दोन गल्ल्या पलीकडे तिची खोली आहे, भिंतीवर खुंट्यांना गिटारी टांगलेल्या, टेबलावर कानशी, पाने आणि एक मशीन. सूर वाजला की त्या मशीनचा काटा हलतो आणि बरोबर मध्यावर थांबला की हिरवा दिवा लागतो. हिरवा लागेपर्यंत आमची कन्या वाद्य सोडत नाही. वाद्यवृंदातले लोक तिला 'काटा'च म्हणतात आणि सगळे आपली वाद्यं तिच्याकडेच देतात. फक्त बाप देत नव्हता. "माझं ठीक चाललंय गं," म्हणून टाळायचा. तिला ते लागायचं. "लोक विचारतात मला," ती एकदा माझ्यापाशी म्हणाली, "बाबा तुझ्याकडे का येत नाहीत, त्यांचा विश्वास नाही का? काय सांगू मी?"

मी म्हटलं, "वय झालं की माणूस हट्टी होतो." असं म्हणून मोकळी झाले.

त्याला का सांगायचं नव्हतं हे मला माहीत होतं. लहानपणी तिला यानंच शिकवलं होतं, आणि हातात पट्टी घेऊन. तिनं तार जोरात दाबली की बोटावर पट्टी बसायची. "हलकं दाब. बोट आहे, हातोडा नाही." ती रडायची आणि हा ढिम्म. आता त्याच पोरीला 'माझा हातोडा झालाय' असं कुठल्या तोंडानं सांगणार? आणि मला तर असल्या गोष्टी झाकायची सवयच. मी शब्द दिला.

त्यात वाद्यवृंदाच्या लीडरनं नवा कीबोर्ड आणला. त्यातून सनई निघते, बासरी निघते, मँडोलिनही निघतं. लीडर वाईट माणूस नाही, पण हिशेबी आहे. "बघू या," तो नवऱ्याला म्हणाला, "या कार्यक्रमात तुमचा एकट्याचा तुकडा ठेवलाय. तो कसा होतो त्यावर पुढचं ठरवू." म्हणजे त्या एका तुकड्यावर नवऱ्याची खुर्ची टांगलेली होती. खुर्ची गेली तर हा माणूस घरात बसून काय करणार, याचा विचार मी करत नव्हते.

आणि नेमकी त्याच आठवड्यात मी बहिणीकडे गेले, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. नवऱ्याचा फोन आला.

"पोरगी वाद्य घेऊन गेली. मी डॉक्टरकडे गेलो होतो, तिच्याकडे किल्ली आहेच. म्हणते, तारा गंजल्यात, नव्या घालून हॉलवर आणून देते. तुम्हाला भेट."

"मग सांग तिला, घोडीला हात लावू नकोस म्हणून."

"का म्हणून विचारेल."

"मग खरं सांग."

"तू सांग ना."

"मी काय सांगू? हात तुझा आहे."

असं म्हणून मी फोन ठेवला. मी मनाची समजूत घातली की ती नुसत्या तारा बदलेल. वा रे शहाणी! जिला केसभर चूक दिसली की जेवण गोड लागत नाही, ती नुसत्या तारा बदलून थांबणार होती होय? हे मला कळत होतं. पण सांगायचं म्हणजे नवऱ्याचा शब्द मोडायचा, आणि इतके दिवस लेकीपासून लपवलं हेही कबूल करायचं. दोन्ही नको वाटलं म्हणून मी बहिणीच्या गुडघ्याला शेक देत बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी बसमधून उतरून थेट हॉलवर गेले. लेक आधीच पोचली होती. मँडोलिन इतकं पुसलं होतं की त्यात दिवे दिसत होते. रंगमंचावर वायरी जोडणं चाललं होतं आणि ही लीडरला उत्साहानं सांगत होती, "घोडी कसली हलली होती माहितीय? चारही जोड्या मागे. इतके दिवस कसे वाजवत होते कोण जाणे. आता एकेक पडदा मशीनवर तपासलाय. नव्या तारा मात्र बाबांनी निवडलेल्याच जातीच्या घातल्या, पातळ निकलच्या. आमचे बाबा एकदम नव्या पद्धतीचे निघाले!"

नवऱ्यानं वाद्य गळ्यात अडकवलं आणि एक छोटीशी ओळ वाजवली. सूर चढला. त्याचा चेहरा असा उतरला की मला तिसऱ्या रांगेतून दिसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. लेक त्याच्याकडे पाहत होती, लहानपणी पहिलं गाणं बसवल्यावर पाहायची तशी.

"कसं झालंय?" तिनं विचारलं.

"छान," तो म्हणाला. "छान झालंय."

माझ्या पर्समध्ये तो बारका स्क्रू ड्रायव्हर होता. नेहमीच असतो. कार्यक्रम सुरू व्हायला भरपूर वेळ होता. उठून वर जायचं, "जरा इकडे ये," म्हणायचं आणि कोपऱ्यात चार स्क्रू फिरवायचे, एवढंच काम. पण मी उठले तर लेक विचारणार, आई, तू काय करतेस? लीडर बघणार, गिटारवाला बघणार. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

त्याचा तुकडा आला. लोकांना सूर कळत नाहीत असं आपण म्हणतो, पण काहीतरी बिनसलंय हे त्यांना बरोबर कळतं. पहिल्या ओळीला माना डोलल्या, दुसरीला थांबल्या, तिसरीला मागे कुणीतरी खोकलं. तो हलकं दाबायचा प्रयत्न करत होता, तर तार पडद्याला टेकायचीच नाही आणि नुसती खरखर यायची. परत दाबलं की सूर वर. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. लीडरनं मान वळवून पाहिलं, आणि मग कीबोर्डवर तोच तुकडा हळूच सुरू केला, शेजारून, आधार दिल्यासारखा. नवऱ्याचा हात थांबला. उरलेला तुकडा कीबोर्डनंच वाजवला, आणि टाळ्याही त्यालाच पडल्या.

माझ्या शेजारी येऊन बसलेल्या लेकीनं तोंडावर हात घेतला होता. "आई," ती कुजबुजली, "बाबांना ऐकू येत नाहीये का गं? मला लाज वाटतेय त्यांची."

मला लाज वाटत होती ती माझी. पण मी तेही बोलले नाही.

मागच्या खोलीत सगळे वायरी गुंडाळत होते. लीडरनं अगदी मऊ आवाजात विचारलं, "सेटिंगमध्ये तर काही नाही ना?"

लेक ताडकन म्हणाली, "सेटिंग? थांबा, आत्ता दाखवते." तिनं मशीन काढलं, मँडोलिन घेतलं आणि एकेक मोकळी, बोटानं न दाबलेली तार छेडून दाखवली. हिरवा, हिरवा, हिरवा, हिरवा. गिटारवाल्यानं मान डोलावली. मग सगळ्यांनी सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. वाद्यात चूक नाही म्हणजे ती माणसात आहे, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्याला तिथे दोन वाक्यांत सुटता आलं असतं. पोरीनं वाद्य बिघडवलं म्हणायचं, नाहीतर माझी बोटं गेली म्हणायचं. पहिलं त्याला तिच्यासाठी म्हणायचं नव्हतं, दुसरं स्वतःसाठी. तो खुर्चीत बसून म्हणाला, "वाद्य उत्तम आहे. माझा कान गेला. वय झालं, काय करणार."

वादकानं चारचौघांत आपला कान गेला म्हणणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. लीडरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थोडे दिवस विश्रांती घ्या," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं. मी दाराशी पर्स छातीशी धरून उभी होते, आणि माझं कुलूप अजून जागच्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं मँडोलिन पेटीत घालून पलंगाखाली सरकवलं आणि तो बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडला. चहा निवला. दुसरा केला, तोही निवला. मग माझं डोकं फिरलं. मी पेटी ओढून काढली, वाद्य त्याच्या पोटावर ठेवलं आणि म्हटलं, "ऊठ. नाटकं पुरे. वाजव."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. भात करपवून लावलेलं वाद्य आहे ते."

तो उठला. स्वयंपाकघरात बसून आम्ही पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं. "जरा मागे. अजून." दार मात्र या वेळी लावायचं राहिलं. चौथ्या जोडीवर होते तेव्हा मागून आवाज आला.

"आई, काय करतेस?"

लेक दारात उभी होती. हातात कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. ती पुढे आली, तिनं वाद्य घेतलं, मशीन टेबलावर ठेवलं आणि मधल्या पडद्यावर बोट टेकवून तार छेडली. काटा डावीकडे पडला, म्हणजे सूर उतरलेला, दिवा लाल. "तू हे बिघडवतेयस," ती म्हणाली. मग तिनं वाद्य बापाकडे दिलं. त्यानं तोच सूर दाबला. काटा सरळ मध्यावर येऊन उभा राहिला. हिरवा.

तिचं कामच ते, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं बापाचा डावा हात हातात घेतला आणि बोटाच्या टोकावर नख रुतवलं. त्यानं हात मागे घेतला नाही. दुसऱ्या बोटावर, तिसऱ्या बोटावर. तो खिडकीबाहेर बघत होता.

"दुखतंय?"

"नाही."

"आणि मी सगळ्यांसमोर मशीन काढून दाखवलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं. तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी म्हटलं मला लाज वाटते त्यांची, आणि तू ऐकून घेतलंस."

मी म्हटलं, "त्यानं शब्द घेतला होता." तोंडातून बाहेर पडताना ते इतकं फुसकं वाटलं की पुढचं मी बोललेच नाही. चिठ्ठीचा बोळा करून तिनं खिशात घातला आणि म्हणाली, "बाबा, कपडे करा. वाद्य असंच घ्या. आई, ती चौथी जोडी पुरी कर."

वाद्यवृंदाची तालीम चालते त्या खोलीत आम्ही तिघं गेलो. मला का नेलं कोण जाणे, बहुतेक बघायला. ती सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काल चूक माझी होती. घोडी मी चुकीची लावली."

"काल तर तू मशीनवर दाखवलंस," गिटारवाला म्हणाला.

"मी मोकळ्या तारा दाखवल्या. मोकळ्या तारा खुंट्या पिळून कुणीही मिळवतं, घोडीची चूक त्यात कळत नाही. पडद्यांवर बघ."

गिटारवाल्यानं मँडोलिन घेऊन पडद्यांवर बोटं टेकवली. एकेक सूर उतरलेला. त्यानं तोंड वाकडं केलं. "बाप रे. हे तर कुठल्या कुठे गेलंय. कुणी शिकाऊ पोरानंही असं लावलं नसतं."

"हो," लेक म्हणाली.

"यावर वाजवायचं कसं?"

"बाबा वाजवतात. काल त्यांना माहीत नव्हतं मी काय करून ठेवलंय. आज सकाळपासून त्यांनी त्यावर हात बसवलाय." तिनं वाद्य बापाला दिलं. "वाजवा, बाबा."

नवरा तोंड उघडायला गेला. "अहो, खरं म्हणजे..."

"वाजवा," ती म्हणाली. आवाज असा, जणू पट्टी आता तिच्या हातात होती.

त्यानं कालचाच तुकडा वाजवला. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत कुठे खडा नाही. मी त्याला तरुणपणी ऐकलं आहे, तरी त्या दिवशीसारखं नाही, कारण तो मान खाली घालून वाजवत होता आणि त्याला ते लवकर संपवायचं होतं.

लीडर उठून उभा राहिला. "असल्या फुटक्या सेटिंगवर असं वाजवता, आणि म्हणे कान गेला! अहो, आम्हा सगळ्यांचा मिळून इतका कान नाही." त्यानं नवऱ्याचे दोन्ही हात धरले. "काल कीबोर्ड मध्ये घातला त्याची माफी मागतो. खुर्ची तुमची आहे. हे वाद्य मात्र चांगल्या माणसाकडून लावून घ्या."

"नको," लेक पटकन म्हणाली. "आता त्यांचा हात बसलाय. कुणी हात लावू नका त्याला."

"तू तर लावूच नकोस," लीडर तिच्याकडे न बघता म्हणाला. "आमची बाकीची वाद्यं तेवढी पाठवून दे. घाई नाही, पण या आठवड्यात."

कुणीतरी मागून "काटा वाकडा झाला," म्हणालं आणि दोघंतिघं हसले. ती "बरं" म्हणाली. नवऱ्याला हवं होतं ते सगळं परत मिळालं होतं आणि तो पकडलेल्या चोरासारखा उभा होता. रस्त्यात तो म्हणाला, "उद्या जाऊन सगळं खरं सांगतो."

"सांगा. मग माझंही गेलं आणि तुमचंही गेलं," ती म्हणाली आणि आपल्या गल्लीला वळली. मला तिनं 'येते' म्हटलं नाही.

गिटारी परत गेल्या. त्यांचं बघून दुसऱ्यांनीही आपापली वाद्यं नेली. मी एकदा डबा घेऊन गेले तर भिंतीवरच्या खुंट्या मोकळ्या होत्या आणि ती रिकामं टेबल पुसत होती. नवरा घरात वाजवायला बसायचा आणि दोन ओळींत उठायचा. मी कोट उसवत होते, शिवत होते, आणि स्वतःला सांगत होते की आता गप्प बसणंच शहाणपणाचं, बोललं तर पोरीनं केलेलं सगळं फुकट जाईल. माझं गप्प बसणं कधी कारणाशिवाय नसतं.

मग एक दिवस गिटारवाला नवा कोट घेऊन दुकानात आला. मी त्याला आरशासमोर उभा केला, खांद्यावर खडूनं खूण केली, तोंडात टाचण्या धरल्या.

"काकू, राग मानू नका," तो म्हणाला, "पण मुलीला म्हणावं, थोडे दिवस कुणाच्या तरी हाताखाली शीक. उगाच बापाच्या नावावर धंदा... अहो, घोडी लावता येत नाही म्हणजे काय!"

मी 'हूं' म्हणणारच होते. टाचण्या तोंडात असल्या की तेवढंच म्हणता येतं, आणि मला आयुष्यभर तेवढं पुरलं होतं. आरशात माझं तोंड दिसलं, ओठांत टाचण्यांची ओळ, गच्च मिटलेलं. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी टाचण्या एकेक करून हातावर काढल्या.

"घोडी तिनं नव्हती बिघडवली," मी म्हटलं. "मी बिघडवली."

"तुम्ही?"

"मी. या यंत्राच्या स्क्रू ड्रायव्हरनं." मी तो त्याच्यासमोर धरला. "तिनं लावलेलं अगदी बरोबर होतं. तिच्या मागे मी स्क्रू फिरवले. मला वाटलं, मलाही कळतं त्यातलं. तिनं माझं नाव घेतलं नाही, आपल्या अंगावर घेतलं."

यात खोटा असा एक शब्द नव्हता. मी फक्त खाली असलेला खांदा कुणाचा, ते सांगितलं नाही.

तो हसत सुटला. कोटाच्या टाचण्या निसटल्या तरी थांबेना. "काकू! अहो, तुम्ही काज करा, बटणं लावा! मँडोलिनमध्ये कशाला हात घालायला गेलात? लीडरला सांगितलं तर खुर्चीवरून पडेल! आणि आम्ही बिचारीची वाद्यं काढून नेली!"

"सांग त्याला. सगळ्यांना सांग. आणि वाद्यं परत तिच्याकडे नेऊन द्या."

"नेतो, आजच नेतो. पण काकू, स्क्रू ड्रायव्हर!" तो डोळे पुसत म्हणाला. माझे कान, गाल, मान, सगळं पेटलं होतं. गावभर मी आता वाद्यात नाक खुपसणारी शिंपीण होणार होते, आणि झालेही. मी त्याच्याबरोबर थोडी हसले.

"उभा राहा नीट," मी म्हटलं आणि टाचण्या पुन्हा लावायला घेतल्या. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता. मी त्यात आतून पॅड घातलं. कोट घालून तो हल्ली सगळीकडे मिरवतो.